दिवाळी अंकाच्या मांडणीसाठी मॉनिटर: ४के व्हीए घ्यावा की क्यूएचडी आयपीएस?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे: "घरूनच पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करते. वर्षाला एखाद-दुसरा दिवाळी अंक असतो, मुखपृष्ठंही अधूनमधून करते. सध्याचा २४ इंची फुल एचडी टीएन मॉनिटर जुना झालाय, संध्याकाळपर्यंत डोळे दुखायला लागतात. वाशीतला दुकानदार म्हणतो, ३२ इंची ४के घ्या, पॅनेल व्हीए असलं तरी रेझोल्यूशन चौपट मिळतंय. महापेला आयटीत असलेला भाऊ म्हणतो, २७ इंची क्यूएचडी आयपीएस घे, पॅनेल चांगलं नसेल तर ४के घेऊन काय करणार? दोन्हींची किंमत पंचवीस हजारांच्या आसपास सांगतायत. कुणाचं ऐकू? रात्री मुलगा त्यावरच सिनेमे बघणार, तेही लक्षात घ्या."

ताई, तुमच्या कामाला मी या दोन्हींपैकी एकही सुचवणार नाही. २७ इंची, ४के, आयपीएस असा अगदी साधा मॉनिटर घ्या. (आयपीएस, व्हीए आणि टीएन हे पडद्याच्या पॅनेलचे प्रकार. फुल एचडी, क्यूएचडी आणि ४के म्हणजे रेझोल्यूशन, पडद्यावर एकूण किती पिक्सेल आहेत ते: १९२० गुणिले १०८०, २५६० गुणिले १४४० आणि ३८४० गुणिले २१६०.) जास्तीचा रिफ्रेश रेट, एचडीआरचा शिक्का, यूएसबी हब, स्पीकर, वळणदार पडदा, यातलं काहीही नसलेला. तुमच्या पैशांत तो बसण्याची चांगली शक्यता आहे, कारण दुकानदार जे पाच इंच जास्त देतोय ते फुकट येत नाहीत. रेझोल्यूशन की पॅनेल असा प्रश्न पडतो तेव्हा बहुतेक वेळा मोठा आकार आधीच गृहीत धरलेला असतो. आकार कमी केला की उरलेल्या दोन्ही गोष्टी पदरात पडतात. का ते नीट सांगतो, कारण उद्या दुकानात नेमकं हे मॉडेल नसेल तर काय सोडायचं आणि काय सोडायचं नाही हे तुमचं तुम्हाला ठरवता आलं पाहिजे. मी ठाण्यात प्री-प्रेस (फाइल छपाईसाठी तयार करणं) आणि स्क्रीन कॅलिब्रेशनचं (पडद्याचे रंग मोजून जुळवणं) काम करतो. वागळे इस्टेट आणि तुर्भ्याच्या छापखान्यांना फाइल पाठवणारी बरीच मंडळी माझ्या ओळखीची आहेत आणि त्यांचं काम तुमच्यासारखंच आहे.

आधी अक्षरांचं बघू, कारण तुमचा दिवसाचा बहुतेक वेळ अक्षरं बघण्यात जातो.

पडद्यावर एका इंचात किती पिक्सेल बसतात त्याला पीपीआय म्हणतात. २४ इंची फुल एचडीला साधारण ९२, २७ इंची फुल एचडीला ८२, २७ इंची क्यूएचडीला १०९, ३२ इंची ४केला १३८ आणि २७ इंची ४केला १६३. म्हणजे नुसतं "४के" म्हणून काही कळत नाही, किती इंचांवर ४के ते बघायचं. आता मांडणी करणाऱ्याने यातून स्वतःच्या कामाचा आकडा काढावा. पॉइंटचं माप इंचाच्या बहात्तराव्या भागाचं असतं, म्हणून १२ पॉइंटचा टाइप छपाईच्या मूळ आकारात पडद्यावर पाहिला तर त्याच्या पूर्ण उंचीला पीपीआय भागिले सहा इतके पिक्सेल मिळतात. तुमच्या आताच्या मॉनिटरवर १५. भाऊ सांगतोय त्यावर १८. दुकानदाराच्या ३२ इंचीवर २३. मी सांगतोय त्यावर २७.

इंग्रजीला १५ पिक्सेल बऱ्यापैकी पुरतात. आपल्या लिपीला पुरत नाहीत. रोमन लिपीतलं अक्षर मुख्यतः एकाच पट्ट्यात बसतं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार; खाली उकार आणि जोडाक्षराचा लोंबता भाग; आणि मधल्या अंगात खरं अक्षर. त्याच १५ पिक्सेलांचे तीन वाटे होतात. अक्षराच्या मधल्या अंगाला मग सात-आठ पिक्सेल राहतात आणि शिरोरेषेवरच्या सगळ्या खुणांना तीन-चार.

"सर्वांनी" हा शब्द घ्या. वा-च्या कान्यावर रफार आणि अनुस्वार शेजारी शेजारी बसतात. १५ पिक्सेलांत तिथे एक करडा ठिपका दिसतो. तो रफार आहे, अनुस्वार आहे की दोन्ही आहेत, हे डोळा ओळखत नाही. आपण संदर्भावरून समजून घेतो. "वर्षांपूर्वी"मध्ये तर रफार दोनदा येतो, शिवाय पू-चा दीर्घ उकार. "शुद्ध" आणि "शुध्द" यांतला फरक म्हणजे द-च्या पोटात लोंबणारा ध. तो गुठळीसारखा दिसला की चुकीचं जोडाक्षर प्रुफातून तसंच पुढे जातं. रु आणि रू यांची गाठही अशीच. मुद्रितशोधन पडद्यावर करणाऱ्यांना दर थोड्या वेळाने २०० टक्के झूम करून खात्री करावी लागते ती यामुळेच. झूम केलं की पान पूर्ण दिसत नाही, म्हणून परत मागे यायचं. दिवसभर हे पुढे-मागे चालतं आणि त्यात डोळ्यांबरोबर मानही जाते. माझ्या मते मराठी मजकुरावर काम करणाऱ्याला पिक्सेलची घनता इंग्रजीवाल्यापेक्षा जास्त लागते. इंटरनेटवरचे खरेदीचे सल्ले इंग्रजी मजकूर डोळ्यासमोर ठेवून लिहिलेले असतात, त्यामुळे "२७ इंचाला क्यूएचडी भरपूर झालं" हे वाक्य सगळीकडे सापडतं. इंग्रजी ईमेल आणि एक्सेलसाठी ते खरंही आहे.

इथे एक गोष्ट भावालाही सांगा. क्यूएचडी २७ इंचीवर विंडोज बहुधा १०० टक्के स्केलिंगवर (अक्षरं आणि चिन्हं किती पट मोठी दाखवायची ते सेटिंग) चालवतात आणि ४के २७ इंचीवर १५० टक्क्यांवर. दोन्हींत डेस्कटॉपवर मावणारा ऐवज एकसारखाच, २५६० गुणिले १४४० इतका. मेनूतलं अक्षर फुटपट्टीने मोजलं तरी दोन्हींकडे तेवढंच मोठं भरेल. फरक एवढाच की तेच अक्षर एकीकडे १६ पिक्सेल उंचीत काढलेलं असतं, दुसरीकडे २४. क्यूएचडीकडे गेलात तर जुन्या मॉनिटरच्या तुलनेत जागा वाढेल, पण मेनूतल्या, ब्राउझरमधल्या अक्षराला पिक्सेल तेवढेच मिळतील आणि ते आकाराने थोडं लहानही होईल. डोळे दुखतात म्हणून बदल करायचा असेल तर हे विसरून चालणार नाही.

मग याहून घन पडदा घ्यावा का? नको. निरोगी डोळा साधारण एका कोनीय मिनिटाइतका तपशील वेगळा ओळखतो, हे दृष्टी तपासताना धरलं जाणारं माप आहे. ६० सेंटिमीटरवरून त्याचे सुमारे ०.१७५ मिलिमीटर होतात. २७ इंची ४केचा पिक्सेल ०.१५६ मिलिमीटरचा, म्हणजे या मर्यादेच्या जरासा आत. क्यूएचडीचा ०.२३३, तो विरघळून जायला पडदा ८० सेंटिमीटर लांब हवा. आपल्याकडे भिंतीला टेकवलेल्या टेबलावर, अर्ध्या जागेत प्रिंटर आणि प्रुफांचे गठ्ठे, एवढं अंतर मिळतं कुठे? तुमच्या टेबलावर डोळ्यापासून पडद्यापर्यंत टेप लावून बघा. ५५ ते ६५ मध्ये भरेल असा माझा अंदाज.

आता आकार. उघडी ठेवलेली ए४ ची दोन पानं ४२ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ उंच. २७ इंची पडदा सुमारे ६० सेंटिमीटर रुंद, ३३.६ उंच. म्हणजे दिवाळी अंकाची समोरासमोरची दोन पानं खऱ्या आकारात, कडेला सगळी पॅनेलं उघडी ठेवून, वर मेनूची पट्टी ठेवून मावतात. २४ इंचीची उंची २९.९, तिथे मेनूची पट्टी ठेवली की ए४ अगदी थोडक्यात अडतं. पण डेमी आकाराच्या पुस्तकाची जोडपानं २८ गुणिले २१.६, ती २४ इंचीवरही मजेत बसतात. ३२ इंचीवर जागा उरते, पण ती उरलेली जागा ७१ सेंटिमीटर रुंदीच्या कडांना असते आणि ६० सेंटिमीटरवरून तिथे बघायला मान वळवावी लागते. शिवाय तुमचा चष्मा प्रोग्रेसिव्ह असेल तर उंच पडद्याच्या वरच्या भागासाठी हनुवटी उचलून बसावं लागतं, तो त्रास वेगळाच. डोळेदुखीचं म्हणाल तर मॉनिटर बदलण्याआधी नंबर एकदा तपासून घ्या आणि डॉक्टरांना पडद्याचं अंतर सेंटिमीटरमध्ये सांगा. वाचनाचा नंबर ४० सेंटिमीटरच्या आसपास धरून काढतात. ६० ला तो बरेचदा जुळत नाही.

एक मोठा अपवाद आहे आणि तो तुम्हाला लागू असेल तर वरचा हिशोब उलटतो. काम कशात करता? इनडिझाइनची किंवा कोरलची अलीकडची आवृत्ती असेल तर काही प्रश्न नाही. पण पेजमेकर ७ किंवा कोरल १२ वर श्रीलिपीचे जुने फाँट घेऊन काम चालू असेल, आणि आपल्याकडे अजून कितीतरी ठिकाणी तसं चालू आहे, तर ही सॉफ्टवेअरं स्केलिंग ओळखत नाहीत. विंडोज त्यांचं चित्र काढून ते ताणून मोठं करतं. अक्षराला जास्तीचे पिक्सेल मिळतच नाहीत, उलट कडा पुसट होतात. विंडोज १० पासून प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीखाली हाय डीपीआय सेटिंग असतं, त्यात "सिस्टीम (एन्हान्स्ड)" निवडून काही प्रोग्रॅम सुधारतात, पण सगळे नाही. तेव्हा कामाचा मुख्य भार पेजमेकरवर असेल तर ४केला पैसे घालू नका. भावाचा सल्ला तुम्हाला योग्य: २७ इंची क्यूएचडी आयपीएस, स्केलिंग १०० टक्के. पुढच्या वर्षी युनिकोड आणि इनडिझाइनवर जायचा विचार असेल तर तो आधी पक्का करा, मॉनिटर नंतर.

आता पॅनेल. दुकानदार व्हीएची बाजू घेतो ती कॉन्ट्रास्टच्या (पांढरा काळ्याच्या किती पट उजळ) आकड्यावरून: व्हीए ३०००:१, साधं आयपीएस १०००:१. आकडे खरे आहेत. पण ते अंधाऱ्या खोलीतले. तुमच्या खोलीचा हिशोब मांडू. पडद्याचा पांढरा १२० निटवर (निट हे पडद्याच्या उजळपणाचं माप) ठेवला, कामाला तेवढाच हवा, तर आयपीएसचा काळा ०.१२ निट आणि व्हीएचा ०.०४. दिवसा खोलीत ३०० लक्स उजेड आहे आणि मॅट पडद्याने त्यातला जेमतेम एक टक्का परत फेकला असं धरा. तरी काळ्यावर जवळपास १ निटचा थर चढतो. मग आयपीएसचा प्रत्यक्ष कॉन्ट्रास्ट ११० च्या पुढे-मागे आणि व्हीएचा १२० च्या. तिपटीचा फरक उजेडात वितळून जातो. ऐरोलीत खाडीकडची खिडकी म्हणजे पश्चिम. दुपारी तीननंतर उन्हाची तिरीप आत येत असेल तर ३०० लक्स काय, त्याच्या कितीतरी पट उजेड असतो. त्या फरकाचा फायदा मुलाला रात्री दिवे घालवून सिनेमा बघताना मिळेल, तुम्हाला दिवसा नाही.

उलट व्हीएचा तोटा तुम्हाला दिवसाढवळ्या भोगावा लागेल. व्हीएमध्ये बघण्याचा कोन बदलला की छटा बदलते. ६० सेंटिमीटरवर बसून ३२ इंची सपाट पडद्याच्या मध्यभागी समोरून पाहता, पण दोन्ही कडा तुम्ही ३० अंशांतून पाहत असता. जोडपानाच्या डाव्या कडेला एक चौकट आणि मध्यभागी दुसरी, दोन्हींना काळ्याचा तोच ४० टक्के टिंट दिलाय; कडेची चौकट फिकी दिसणार. तुम्ही ती सारखी करायला जाल आणि छापून आल्यावर दोन चौकटी वेगळ्या निघतील. वळणदार पडद्याने हे कमी होतं, पण मग सरळ रेषा, मार्जिन आणि ग्रिड वाकलेल्या पडद्यावर बघत मांडणी करायची, ते मला पटत नाही.

याहून वाईट गोष्ट गडद छटांची. अगदी समोरून पाहताना व्हीए पॅनेल काळ्याजवळच्या छटा एकमेकींत मिसळतं आणि मान बाजूला केली की त्याच छटा उजळतात. मुखपृष्ठावर काळ्या पैठणीतल्या बाईचं छायाचित्र आहे असं समजा. समोर बसलात तर पदराच्या घड्या आणि केसांतल्या बटा एका काळ्या पट्ट्यात गडप. थोडं डावीकडे झुकलात तर घड्या परत दिसतात. यातलं खरं कुठलं? कर्व्हज किती उचलायचे? माणूस घड्या दिसेपर्यंत छायाचित्र उजळतो आणि मुखपृष्ठ राखट छापून येतं. सगळी व्हीए पॅनेलं सारखी वाईट नसतात, महागड्यांत हा दोष पुष्कळ कमी आहे, पण पंचवीस हजारांत ३२ इंच आणि ४के दिल्यावर पॅनेलला किती पैसे उरले असतील?

आयपीएसचे दोषही सांगतो. अंधारात काळा पडदा पाहिला तर कोपऱ्यांत चंदेरी-पिवळसर उजेड दिसतो. त्यातला काही भाग बघण्याच्या कोनामुळे असतो, काही चौकटीच्या दाबामुळे झिरपतो. झिरपणारा प्रत्येक नगात वेगळा, म्हणून तो नग बघूनच घ्यावा. गडद दृश्यांत काळा करडा वाटतो. नव्या आयपीएस ब्लॅक पॅनेलांत २०००:१ मिळतं, ती २०२२ पासून बाजारात आहेत, पण तुमच्या पैशांत मिळाली तर नशीब म्हणायचं. टीएनबद्दल तुम्हाला सांगायची गरज नाही, दोन वर्षं असो की दहा, तुम्ही ते वापरताच आहात. पडद्याचा वरचा भाग गडद आणि खालचा फिका दिसतो ना, तो टीएनचाच गुण. ओएलईडी या कामाला घेऊ नये: एकाच जागी दिवसभर तीच टूलबार राहिली तर तिचा ठसा उमटण्याचा धोका असतो आणि बऱ्याच ओएलईडी पॅनेलांत उपपिक्सेलची रचना वेगळी असल्याने बारीक अक्षरांच्या कडांना रंगाची झाक येते.

डब्यावरच्या नावांनी फसू नका. "एएचव्हीए" लिहिलेलं असेल तर त्यात व्हीए दिसतं, पण ते एयू ऑप्ट्रॉनिक्सचं आयपीएसच्या जातीचं पॅनेल आहे. सॅमसंगचं पीएलएस, बीओईचं एडीएस, तीही त्याच कुळातली. नुसतं "वाइड व्ह्यूइंग अँगल १७८ अंश" याला अर्थ नाही, ते व्हीएवरही लिहितात. रंगाच्या ओळीत (एसआरजीबी, एनटीएससी ही पडदा किती रंग दाखवतो त्याची मापं) ९९ किंवा १०० टक्के एसआरजीबी असं हवं. ७२ टक्के एनटीएससी म्हणजे व्याप्ती साधारण तेवढीच. ४५ टक्के एनटीएससी दिसलं तर बाजूला ठेवा, त्यावर कुंकवाचा लाल विटकरी दिसतो. १.०७ अब्ज रंग, १० बिट वगैरेंसाठी जास्तीचे पैसे देऊ नका, ऑफसेटच्या कामात तुम्हाला त्याचा फरक जाणवणार नाही. काही निळसर-हिरव्या छटा ऑफसेटमध्ये छापता येतात पण एसआरजीबीत मावत नाहीत, हे खरं. त्यासाठी अॅडोबी आरजीबी झाकणारे मॉनिटर असतात. पण त्यांची किंमत बघता मुखपृष्ठाच्या कामातून ती वसूल व्हायला फार वेळ लागेल.

आयपीएस आणलं म्हणजे रंग आपोआप जुळतील असं मात्र समजू नका. "पडद्यावर छान होतं, छापून गडद आलं" ही तक्रार माझ्याकडे सर्वांत जास्त येते आणि तिचं कारण बहुतेक वेळा पॅनेलमध्ये नसतं, ब्राइटनेसमध्ये असतं. नवा मॉनिटर डब्यातून निघतो तेव्हा २५० ते ३५० निटच्या आसपास भगभगत असतो. त्यावर माणूस छायाचित्र डोळ्याला सुखावेल इतकं गडद करतो. कागद स्वतः उजेड देत नाही, त्यामुळे छापल्यावर ते आणखी गडद दिसतं. छपाईच्या कामाला ८० ते १२० निट ठेवतात. मोजायचं यंत्र नसेल तर एक उपाय करा: ज्या कागदावर काम छापणार तो कोरा कागद पडद्याशेजारी धरा, खोलीत नेहमीचा दिवा लावा, पडद्यावर पांढरं पान उघडा आणि दोन्ही पांढरे सारखे उजळ वाटेपर्यंत ब्राइटनेस खाली आणत जा. आकडा निम्म्याच्या बराच खाली गेला तर घाबरू नका. पहिले दोन दिवस पडदा मेल्यासारखा वाटतो, मग सवय होते आणि डोळ्यांची जळजळही बहुधा कमी होते. रंगाचं तापमान ६५०० केल्विनवर ठेवा. टेबलावर पिवळा बल्ब असेल तर तो बदलून पांढरा लावा. रात्रीचा "नाइट लाइट" मुखपृष्ठ करताना बंद हवा. स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं रंग मोजायचं यंत्र विकत घेण्याइतकं काम नसेल तर वर्षातून एक-दोनदा कुणाकडून कॅलिब्रेट करून घ्या, दिवाळी अंकाची धावपळ सुरू होण्याआधी, साधारण श्रावणात.

लॅपटॉपचं पोर्ट विसरू नका, कारण ४के घेऊन नाराज होणाऱ्यांत मी हेच सर्वाधिक पाहिलंय. जुन्या लॅपटॉपला एचडीएमआय १.४ असतं आणि त्यातून ४के सेकंदाला ३० वेळाच ताजं होतं. माउसचा बाण अडखळत सरकतो, पान स्क्रोल करताना अक्षरं तुटतात आणि माणूस मॉनिटरला दोष देतो. ४के ६० हर्ट्झला चालवायला एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतं. इंटेलच्या आठव्या पिढीचे कितीतरी लॅपटॉप एचडीएमआयवरून ३० च देतात, पण त्यांच्या यूएसबी-सी पोर्टला डिस्प्लेची सोय असेल तर तिथून ६० मिळतं. केबलही तशीच हवी. एरवी मांडणीच्या कामाला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

दुकानात जाताना स्वतःचा लॅपटॉप, स्वतःची केबल आणि एक पेन ड्राइव्ह न्या. दुकानातला चकचकीत डेमो व्हिडिओ बघू नका, त्यात सगळेच मॉनिटर सुंदर दिसतात. पेन ड्राइव्हवर तुमच्याच एखाद्या पुस्तकाचं पान ठेवा, १२ पॉइंटचं, "सर्वांनी" आणि "वर्षांपूर्वी" असलेलं. डिस्प्ले सेटिंगमध्ये रेझोल्यूशनपुढे "रेकमेंडेड" आहे आणि ६० हर्ट्झ आहे याची आधी खात्री करा; एकाच सिग्नलवर चार मॉनिटर जोडलेले असतील तर ४केवरही फुल एचडी चाललेलं असतं. पान खऱ्या आकारात उघडा, घरी बसता तेवढ्या अंतरावर बसा, रफार आणि अनुस्वार वेगळे दिसतात का पाहा. दुसऱ्या पानावर १०, ४० आणि ८० टक्के काळ्याच्या पट्ट्या डावीकडून उजवीकडे पूर्ण रुंदीभर काढून ठेवा. मान न हलवता एक पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी दिसते का? तिसरं पान गडद छायाचित्राचं. चौथं पूर्ण काळं, आणि ते बघताना हाताने आडोसा करून चारही कोपरे तपासा. दुकानदार डबा फोडायला तयार नसेल तर दुसऱ्या दुकानात जा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात हजार-दीड हजार कमी पडतील कदाचित, पण वाशीत किंवा ठाण्यात तुमच्यासमोर उघडून, तपासून देणारा मिळत असेल तर मी त्यालाच ते पैसे देईन. परत न्यायची वेळ आली तर सत्तावीस इंची डबा घेऊन हार्बर लाइनच्या गर्दीत चढणं काही खायचं काम नाही.

२७ इंची ४के आयपीएस पैशांत बसलाच नाही तर माझा क्रम असा. नुसती पुस्तकं करत असाल तर २३.८ इंची क्यूएचडी आयपीएस शोधा. तो सहज दिसत नाही, मागवावा लागतो, पण त्याचे १२३ पीपीआय म्हणजे १२ पॉइंटला वीसेक पिक्सेल आणि डेमीची जोडपानं आरामात. दिवाळी अंक आणि मुखपृष्ठं जास्त असतील तर भावाचा २७ इंची क्यूएचडी आयपीएस, कारण चुकलेलं जोडाक्षर झूम करून पकडता येतं. रंगाची चूक पडद्यावर पकडण्याचा असा कुठलाच उपाय व्हीएवर नाही. आणि दुकानदाराचा ३२ इंची व्हीए ४के? तुम्ही केवळ अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन करत असता, चित्रांना हातच लावत नसता, तर मी तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवला असता. १३८ पीपीआयवर मराठी मजकूर स्वच्छ दिसतो. व्हीए म्हणून तो टाकाऊ नाही, तुमच्या मुखपृष्ठांमुळे तो मागे पडतो. फुल एचडी २७ इंची, कितीही स्वस्त आणि कितीही चांगलं आयपीएस असलं तरी, घेऊ नका. त्याची घनता तुमच्या आताच्या मॉनिटरपेक्षाही कमी आहे.

मुलाच्या सिनेमाला आयपीएसवर काळा थोडा करडा दिसेल. पडद्यामागे भिंतीवर पडेल असा एक मंद दिवा लावा, काळा लगेच खोल वाटायला लागतो. त्याने गेमचा विषय काढून १४४ हर्ट्झ मागितलं तर या बजेटमध्ये नाही म्हणा, ते पैसे रेझोल्यूशनमधूनच कापले जातील.

बिल करताना पॅनेलचा प्रकार आणि मॉडेलचा पूर्ण क्रमांक बिलावर लिहून घ्या. एकाच मालिकेत २७ इंचीला आयपीएस आणि ३२ इंचीला व्हीए असं सर्रास असतं, शेवटची दोन अक्षरं बदलली की पॅनेल बदलतं. मृत पिक्सेलबद्दल कंपनीचा नियम काय तेही तेव्हाच विचारा. बऱ्याच कंपन्या एक-दोन पिक्सेलांसाठी बदलून देत नाहीत, पण दुकानदार पहिल्या आठवड्यात बदलून देतो का हे बोलून ठेवता येतं. लॅपटॉपचं मॉडेल आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती कळवलीत तर पोर्ट आणि केबलचं मी नक्की सांगेन.